मंत्रीसाहेब, शंभर माणसांच्या बैठकीला डीजेचे नियम नका लावू

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, आम्ही काही मित्रमंडळी सातारा-सांगलीकडे शास्त्रीय संगीताच्या छोट्या बैठका करतो, पण हॉलमध्ये नाही. कधी एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात, कधी देवळाच्या सभामंडपात, कधी कृष्णेच्या घाटावर. शंभर-सव्वाशे माणसं जाजमावर बसतात, समोर दोन तंबोरे, तबला, पेटी, आणि लावलेच तर दोन छोटे स्पीकर. आणि एवढ्यासाठी पोलीस स्टेशन, नगरपालिका, वाहतूक, फायर, जागा संरक्षित असेल तर पुरातत्त्व, अशी सगळी दारं आम्ही हिंडतो, म्हणजे मैदानावरच्या पाच हजार लोकांच्या ऑर्केस्ट्राला जेवढं लागतं तेवढंच. एका ऑफिसात तर परवानगीचा कागद आमच्या हातात पडला तो कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, तोवर गायिका गाडीत बसून निघालेल्या होत्या.

हे काही नवीन फॅड नाही हो. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते ती दर्ग्याच्या आवारात, चिंचेखाली. खाँसाहेब 1937 ला गेले, आणि आजही मोठेमोठे कलाकार तिथे हजेरी लावायला येतात. गिरगाव-दादरच्या गणेशोत्सवात लोकांनी रस्त्यावर बसून ख्याल ऐकलाय. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 ला सुरू झाला, तोही कित्येक वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानात मांडव घालून रात्र-रात्र चालायचा. एसी थिएटर हे शास्त्रीय संगीताचं घर अगदी अलीकडचं.

आणि जागेने गाणं बदलतं, हे मी दर वेळी बघतो. वाड्याच्या चौकात लाकडी खांब, कौलं, वरती मोकळं आभाळ, तिथे आवाज परत येतो पण घुमत नाही, माईक नसला तरी शेवटच्या माणसाला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, कळते. दगडी सभामंडपात उलटं, तिथे द्रुत म्हणजे जलद तान घेतली की सुरावर सूर चढतो आणि सगळा काला होतो, म्हणून आम्ही गायकाला आधीच सांगतो की इथे विलंबित, म्हणजे संथ लयीत जास्त वेळ गा, ध्रुपदासारखी धीमी, जुनी गायकी असेल तर फारच छान. घाट सगळ्यात अवघड. नदीवरून वारा आला की तंबोरे उतरतात, दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते, तबलजी तासभर आधी येऊन बसतात आणि तरी दोन ख्यालांच्या मधे हातोडी घेऊन गट्टे ठोकतच असतात. गायकाला खाली पाण्याजवळ बसवायचं आणि लोकांना वर पायऱ्यांवर, मग आवाज बरोबर चढत जातो. जनरेटर देवळाच्या मागे लांब केबल टाकून ठेवायचा, नाहीतर त्याची घरघर षड्जच, म्हणजे मूळ ‘सा’च, खाऊन टाकते. हे सगळं आम्ही सांभाळतो साहेब, ते आमचं काम आहे. कागद मात्र आमच्या हातात नाहीत.

आता रात्रीचं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 चे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी, आणि राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देता येते. डीजेच्या भिंतींसाठी हा नियम पाहिजेच, मी स्वतः त्याच्या बाजूने आहे. पण 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्री उघड्यावर नुसतं वाद्यसुद्धा त्यात येतं, बंदिस्त सभागृह असेल तरच चालतं. म्हणजे घाटावर पहाटे 5 ला बिनमाईकचा तंबोरा लावून ललित हा पहाटेचा राग गायचं म्हटलं तरी नियम आडवा येतो. दरबारी, मालकंस हे उशिरा रात्रीचे राग आम्ही 8 वाजता उरकतो आणि पावणेदहाला भैरवी. रागाला त्याची वेळ असते हे आपण पोरांना शिकवतो आणि ती वेळ आली की सतरंज्या गुंडाळतो, याचं खरंच वाईट वाटतं. नियम केंद्राचा आहे हे माहितीये, पण माईक नसलेल्या गाण्या-वाजवण्याला यातून वगळा असं राज्याने केंद्राला लिहून कळवावं, आणि ते तुमच्या खात्याने नाही तर कोणी लिहायचं?

बाकीचं मात्र तुमच्याच हातात आहे. सिनेमा-सिरियलच्या शूटिंगसाठी तुमच्याच खात्याच्या चित्रनगरी महामंडळाकडे एक खिडकी आहे, तीच बैठकांना उघडा. राज्य संरक्षित स्मारकं सांभाळणारं पुरातत्त्व संचालनालय पण तुमच्याच खात्यात. दोनशेपर्यंत माणसं, जमिनीवर बैठक, मोठे स्पीकर नाहीत, स्टेज नाही, भिंतीला खिळा नाही, असा कार्यक्रम वेगळा प्रकार म्हणून नोंदवा आणि 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याची परवानगी आणा, 15 दिवसांत हो किंवा नाही. नाही म्हटलं तर कारण लिहून द्या, आम्ही दुसरी जागा बघू. डिपॉझिट घ्या, दगडाला ओरखडा आला तर जप्त करा, आमची काहीच हरकत नाही. उलट वर्षभर कुलूप असलेल्या वास्तूत त्या निमित्ताने झाडलोट होते, गावातली शाळकरी मुलं पहिल्यांदा सारंगी जवळून बघतात, गजाखाली तार कशी थरथरते ते वाकून बघतात, तिथून हलत नाहीत.

साहेब, सुरुवातीला सगळं राज्य नको. सातारा, सांगली, कोल्हापूर एवढ्या तीन जिल्ह्यांत एक हिवाळा करून बघा. पावसाळा संपला की आमच्या बैठका सुरू होतात, त्याच्या आत जीआर निघाला तर याच सीझनला वापरता येईल. नमुना अर्ज आणि अटींचा कच्चा मसुदा आम्ही लिहून ठेवलाय, तुमच्या ऑफिसने वेळ दिली की मंत्रालयात घेऊन येतो.

आपला,
एक बैठक संयोजक, सातारा जिल्हा