शिकलेली मुले जातात, म्हणून शिकवायचेच नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात ठाण्यातल्याच एका लघुउद्योजकांचे पत्र वाचले. आयटीआयची कोरी मुले घ्यायची, वर्ष-दीड वर्ष खपून त्यांना ‘माणसात आणायचे’ आणि मग ती दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात जाऊन उभी राहतात, ही त्यांची तक्रार. इथवर मी मान डोलावत वाचले. पुढे त्यांनी उपाय सुचवला आहे की मुलांकडून बाँड लिहून घ्यावा आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाने आपल्या कपाटात ठेवावीत. तिथे मात्र चहा कडू लागला.

मी त्याच बिरादरीतला. वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभे मिलिंग मशीन, एक जुना साधा लेथ आणि मला धरून पंधरा माणसे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना बुश, रिंगा, स्लीव्ह असे गोल पोकळ भाग करून देतो. पोरगे गेल्याचा राग मलाही येतो. सोमवारी सकाळी त्याचा फोन बंद लागला की काय समजायचे ते मी समजतो आणि त्या दिवशी सगळ्यांवर खेकसतो. पण हा राग करणारे आपण कोण, हेही बघावे लागते.

१९९२ पर्यंत मी याच इस्टेटीत एका शेठकडे टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, होतो. त्यांनी मला ड्रॉइंग वाचायला शिकवले, टूल घासायला शिकवले. कोटेशन कसे काढतात ते नाही शिकवले. ते मी चहा आत न्यायच्या निमित्ताने केबिनमध्ये रेंगाळून उचलले. नोकरी सोडली तेव्हा त्यांनी माझा बावीस दिवसांचा पगार अडकवला आणि पुढे कित्येक वर्षे मी समोरून आलो की ते रस्ता बदलत. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी सुरू झाली, तिचा समारंभ इथे वागळे इस्टेटीतच झाला होता. तेव्हापासून इथे जे छोटे गाळे उभे राहिले ते कोणी टाकले? माझ्या रांगेत सात गाळे आहेत. पाचांचे मालक कुठल्या ना कुठल्या शेठकडून ‘पळून’ आलेले आहेत. त्या शेठनी प्रमाणपत्रे कपाटात ठेवली असती तर आज आमच्या रांगेत दोनच शटर उघडी दिसली असती.

उद्योजकांच्या कार्यक्रमात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतल्याशिवाय आपले भाषण सुरू होत नाही. १९१० मध्ये माळावर किर्लोस्करवाडी वसवताना त्यांनी कोणती माणसे हाताशी धरली, ते कोणी सांगत नाही. तुरुंग पाहून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीची राखण सोपवली होती. त्यांच्याकडून कोणती मूळ प्रमाणपत्रे घेतली असतील?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. पत्रलेखकांना बोल लावण्याआधी ती सांगणे भाग आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला, अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. तेव्हा आमच्याकडे पातळ भिंतीच्या रिंगांचा एक जॉब होता. अशी रिंग चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, नेहमीच्या दाबाने धरली की पकडीचे तीन जॉ तिला तीन बाजूंनी दाबतात. त्याच अवस्थेत बोअर, म्हणजे आतले भोक, केला तर मशीनवर तो गोल मापतो. जॉ सोडले की रिंग मोकळी होते आणि बोअर तिकोनी होतो. त्यामुळे दाब कमी ठेवावा लागतो आणि शेवटच्या कटाला आणखी उतरवावा लागतो. हा आकडा ड्रॉइंगवर नसतो. आमच्या मशीनला दाबाचा नॉब हाताने फिरवायचा असतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्येही नव्हता. तो होता माझ्या वहीत, वही ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या पँटच्या खिशात, हॉस्पिटलच्या कपाटात. सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराने, आपल्या अकलेप्रमाणे साठ रिंगा काढल्या आणि साठच्या साठ परत आल्या. ग्राहकाचा माणूस फोनवर म्हणाला, ‘‘तुमच्या गाळ्यात तुमच्याशिवाय कुणाला काही येत नाही का हो?’’ सलाईन लावलेल्या हाताने तो फोन धरला होता. उत्तर ‘नाही’ असे होते आणि ती व्यवस्था मीच लावली होती. वही मी लपवली नव्हती, असे मी बायकोला सांगितले. लपवलीच होती. सेटरला सगळे कळले तर तो जाईल, ही भीती होती.

गंमत म्हणजे तो सेटर अजून माझ्याकडेच आहे.

त्यानंतर ती वही टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारे ठेवायच्या कोपऱ्यातल्या, खिळ्याला सुतळीने टांगली. आता तिच्यावर तेलाची बोटे उठली आहेत, तीन वेगवेगळी अक्षरे आहेत आणि काही ठिकाणी माझे आकडे खोडून कोणीतरी बरोबर आकडे लिहिले आहेत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा टोचले, खोटे कशाला बोलू.

शिकणे कसे असते याचा एक नमुना देतो. गेल्या वर्षी दिवा स्टेशनाहून येणारा एक अप्रेंटिस होता. त्याला स्टेनलेसचे बुश दिले होते, बाहेरचा व्यास पन्नास मिलिमीटर, मापात एकूण सूट पंचवीस मायक्रॉनची (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. मशीनवरून उतरला की तो लगेच मायक्रोमीटर लावायचा, माप खालच्या हद्दीला पण आत यायचे, तो खूश. संध्याकाळपर्यंत अडतीस पीस ट्रेमध्ये मांडून ठेवले. आमचे मामा (१९८२ च्या संपाआधी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हात बसलेला माणूस, आता सत्तरीला टेकलेत) दुपारीच ट्रेजवळून गेले होते. एका बुशला त्यांनी बोट लावले आणि काही न बोलता पुढे गेले. मी पाहिले, मला वाटले ठीक असेल.

सकाळी मामांनी पोराला ट्रेसमोर उभे केले. ‘‘माप.’’ पहिला बुश कमी, दुसरा कमी. पोराचा चेहरा पडला, त्याने मायक्रोमीटरचा झिरो तपासला, परत मापले, परत कमी. मग मामांनी मशीनवरून नुकता उतरलेला एक पीस कापडात धरून त्याच्या तळहातावर ठेवला. ‘‘काय लागतंय?’’ ‘‘गरम.’’ ‘‘मग तू काल लोखंड मापलंस का ताप मापलास?’’

त्या मुलाच्या आयटीआयच्या पुस्तकात उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे वाक्य होतेच. पन्नास मिलिमीटरचा स्टेनलेसचा बुश वीस अंशांनी गार झाला की साधारण सतरा मायक्रॉन आवळतो, हे गणितही त्याला मांडता आले असते. पण ते वाक्य आणि हातातला बुश या दोघांची ओळख त्या सकाळी झाली. अडतीस पीस भंगारात गेले, माल आणि मशीनचा वेळ धरून अकरा हजारांच्या आसपास. मी मामांवर चिडलो, दुपारीच का नाही सांगितलेत म्हणून. ते म्हणाले, ‘‘शेठ, सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं.’’ यावर मी अजून विचार करतो आहे. अडतीसऐवजी आठ पिसांवर थांबवता आले असते, असे माझे मत अजूनही आहे.

याच अकरा हजारांत एका माणसाला हॉटेलातल्या एक दिवसाच्या ‘नेतृत्वविकास’ शिबिराला पाठवता येते. मी गेलो आहे. दुपारी बुफे जेवण आणि नंतर स्ट्रॉ आणि चिकटपट्टीचा मनोरा. आमच्या गटाचा मनोरा सर्वांत उंच झाला होता, कारण गटात तिघे फॅब्रिकेशनवाले होते.

त्यातल्या त्यात कामाचे काही मला मिळाले ते एका ग्राहकाने बोलावलेल्या सप्लायर मीटिंगमध्ये. तिथे कळले की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लढाईच्या मालाची मागणी वाढली, कसबी कामगार अपुरे पडले आणि कारखान्यांत एकदम नवखी माणसे भरावी लागली. तेव्हा सुपरवायझरना शिकवायचे कसे हे शिकवण्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम काढला. खिशात मावेल असे एक कार्ड द्यायचे. त्यावर चार पायऱ्या: माणसाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याला करू द्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर हेच जपानला गेले आणि टोयोटाने उचलले. कार्डावर एक ओळ होती: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही. आपल्याकडे तिसरी पायरी सोडून देतात. आपण दाखवतो, लगेच चौथीवर जातो आणि चुकला की आईबहीण काढतो.

सरकारी योजनांबद्दलही लिहायला हवे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या आताच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आमच्यासारख्या चार ते एकोणतीस माणसांच्या जागी ते ऐच्छिक आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनातला पंचवीस टक्के, महिना जास्तीत जास्त दीड हजार रुपयांपर्यंतचा भार केंद्र उचलते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावीला सहा, आयटीआय किंवा पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार महिना. पैसे बरे आहेत. पण मुलगा आल्यावर करतो काय? मी पाहिलेल्या एका मोठ्या जागी टर्नर ट्रेडची दोन मुले दिवसभर चलानांच्या झेरॉक्स काढत होती आणि संध्याकाळी पार्सल बांधत होती. वर्षाच्या शेवटी त्यांना प्रमाणपत्र मिळाले असणार. अशा मुलाची प्रमाणपत्रे कपाटात ठेवून मालक नेमके काय राखून ठेवणार आहे?

आणि करारात तशी अट नसेल तर कायद्यानेच उमेदवारी संपल्यावर मुलाला मालकाशी बांधून ठेवलेले नाही, मालकालाही नोकरी द्यायची सक्ती नाही. मग आपण कोणत्या तोंडाने बाँड मागायचा?

पत्रलेखकांनी विचारले तर गेल्या नऊ वर्षांतला माझा हिशेब असा. सहा जण गेले. तिघे महापे-रबाळेकडच्या मोठ्या कंपन्यांत, सुखी आहेत, दिवाळीला मेसेज येतो. दोघांनी स्वतःचे गाळे टाकले. त्यातल्या एकाकडे ग्राइंडिंगचे मशीन आहे आणि माझे ग्राइंडिंग आता त्याच्याकडेच जाते, रात्री दहाला फोन केला तरी उचलतो. दुसऱ्याने जाताना माझा एक ग्राहक नेला. त्याच्याशी मी बोलत नाही. समोरून आला तर मीही रस्ता बदलतो, आणि बदलताना मला माझे जुने शेठ आठवतात.

तो दिव्याचा मुलगाही या महिन्यात गेला. पगार तीन हजार जास्त आहे आणि कंपनीची बस आहे. दिव्याहून लोकलमध्ये लोंबकळत येणाऱ्याला बसची किंमत मी काय सांगू. जाताना त्याने वहीत बुशच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवले आहे: ‘गार झाल्यावर मापणे.’ त्याची जागा रिकामी आहे. टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड झालेला कोणी असेल तर गाळ्याच्या शटरवर पाटी लावली आहे. येताना प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणाव्यात, मूळ प्रती घरीच ठेवाव्यात.

आपला,
एक लघुउद्योजक,
वागळे इस्टेट, ठाणे