राजीनामा चार ओळींचाच असावा

महोदय,

चवथ (गणेश चतुर्थी) सरली की गोव्यात नोकऱ्या बदलण्याचे दिवस सुरू होतात. ऑक्टोबरात पर्यटन हंगाम उघडतो, किनाऱ्यावरची हॉटेले माणसे शोधू लागतात, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतही ये-जा वाढते. नोकरी बदलण्यात वावगे काहीच नाही. पण चवथीच्या रजेवर गेलेला मुलगा परत येत नाही, फोन उचलत नाही आणि दोन महिन्यांनी अनुभवाचा दाखला मागायला दारात उभा राहतो, हे पाहून फार वाईट वाटते. अशा माणसाने राजीनामा दिला असे होत नाही. कागदावर तो विनापरवाना गैरहजर असतो आणि त्याच्या फाइलमध्ये खुलासा मागणारी पत्रे जमा झालेली असतात. गोवा केवढासा! नव्या ठिकाणचा मॅनेजर जुन्या ठिकाणी फोन लावतोच.

पहिले काम म्हणजे नेमणूक पत्र काढून नोटिशीचे कलम वाचणे. मुदत किती, ती न पाळल्यास भरपाई मूळ वेतनावर की पूर्ण पगारावर, नोटिशीत रजा घेतल्यास दिवस पुढे सरकतात का, हे तिथेच कळते. नव्या नोकरीचे लेखी पत्र हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी तोंड उघडू नये. हॉटेलवाल्यांनी कॅलेंडरही पाहावे. तीस दिवसांची नोटीस 1 डिसेंबरला दिली, तर नाताळ ते नववर्षाच्या गर्दीतच तुमचे शेवटचे दिवस येतात. अशा वेळी गोडीने निरोप कोण देणार? पत्र नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी द्यावे, नाहीतर जानेवारीपर्यंत थांबावे.

आधी आपल्या थेट वरिष्ठाला समोरासमोर सांगावे आणि त्याच दिवशी पत्र द्यावे. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आधी फुटली, की साहेबाचा अपमान होतो आणि पुढचा महिना कडू जातो. पत्रात चारच गोष्टी हव्यात: कोणत्या पदाचा राजीनामा, कोणत्या तारखेचे पत्र, कामाचा शेवटचा दिवस कोणता, आणि काम सोपवण्याची तयारी व आभार. ‘नोटिशीची मुदत संपल्यावर’ असे मोघम न लिहिता तारीखच घालावी. कारण हवेच तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढे पुरते. पगार कमी, सुपरवायझर त्रास देतो, हे राजीनाम्यात लिहू नये; ते पत्र वर्षानुवर्षे फाइलमध्ये राहते. खरी तक्रार असेल, तर तिचा अर्ज वेगळा. छापील पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. ईमेलने दिल्यास स्वतःच्या खासगी पत्त्यावरही प्रत पाठवावी, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचे खाते बंद होते. पगाराच्या पावत्याही त्याआधीच उतरवून ठेवाव्यात.

संबंध टिकतात किंवा तुटतात ते काम सोपवताना. फ्रंट ऑफिसमध्ये कॅश फ्लोट, म्हणजे सुट्या पैशांसाठी गल्ल्यात ठेवलेली रोकड, मोजून सही घ्यावी, चाव्यांची नोंद करावी. परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सरकारी फॉर्म, ज्याला हॉटेलवाले ‘सी फॉर्म’ म्हणतात, 24 तासांत भरावा लागतो. त्याचे लॉगिन एकालाच ठाऊक असेल, तर तो गेल्यावर हॉटेल अडचणीत येते. बारमध्ये बाटल्यांचा साठा रजिस्टरशी जुळवून दोघांच्या सह्या कराव्यात, म्हणजे पुढची तूट मागच्या माणसाच्या माथी बसत नाही. औषध कारखान्यात बॅच रेकॉर्डवरील (औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदपत्रावरील) आपल्या सर्व नोंदी जाण्यापूर्वी पूर्ण हव्यात. मागची तारीख घालून नंतर सही करता येत नाही, आणि त्या एका रिकाम्या चौकटीपायी माल अडकतो. कंपनीची खोली वापरत असाल, तर ती कधी रिकामी करणार तेही लेखी कळवावे.

पैशांबद्दल संकोच नको. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळायला हवी. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला त्यासाठी एक वर्ष पुरते. हिशेब सोपा आहे: शेवटचे मासिक वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. ग्रॅच्युइटीसाठी धरलेले वेतन 20,800 रुपये आणि सेवा सात वर्षे असेल, तर 84,000 रुपये होतात. पाच वर्षे भरायला दोन-तीन महिने उरले असताना राजीनामा देणारे भेटतात, तेव्हा जीव हळहळतो. नेमणुकीची तारीख पाहूनच पत्रावर तारीख घाला. ‘काही येणे बाकी नाही’ या कागदावर आकडे भरल्याशिवाय सही करू नका. कार्यमुक्ती पत्र आणि अनुभवाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागून घ्या.

सरकारी नोकरीची निवड झालेल्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण त्यांनीही रुजू होण्यास मुदतवाढीचा लेखी अर्ज आधी करून पाहावा आणि जुन्या मालकाला नेमणुकीचे पत्र दाखवून नोटीस कमी करून मागावी. विनंती वेळेवर आली, तर बहुतेक मालक ऐकतात.

मालकांनीही एवढे करावे. राजीनामा स्वीकारल्याचे लेखी कळवावे, नोटीस दिलेल्याच्या माथी मुद्दाम रात्रपाळ्या मारू नयेत आणि त्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख लगेच घालावी. ती घातली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती आधारच्या ओटीपीने ऑनलाइन स्वतः भरता येते. त्यानंतर निधी काढून न घेता नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षांच्या आत काढल्यास त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनचा भागही काढल्यास पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे मोजताना जुनी सेवा धरली जात नाही.

– एक निवृत्त कार्मिक अधिकारी, फोंडा