हजेरीपटाची नक्कल

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

रस्त्यावर बसून कायदा कसा बदलतो, असे तू परवा विचारलेस. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून माहितीच्या अधिकाराच्या कायद्याची गोष्ट लिहीत आहे.

राजस्थानातील राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचे गाव आहे. त्या भागातील मजूर-शेतकऱ्यांनी अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह या कार्यकर्त्यांसह १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन उभारले. दुष्काळी कामांवर ठरलेली किमान मजुरी मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. मजुरी कमी का, असे विचारले की कागदावर काम कमी भरल्याचे सांगितले जाई आणि तो कागद पाहू मागितला की तो सरकारी गुपित ठरे. अशा रीतीने मजुरीचा लढा कागदाचा लढा झाला.

हजेरीपट, म्हणजे कामावरच्या मजुरांच्या हजेरीचा आणि मजुरीचा कागद, कुलपात ठेवायचा, हे मलाही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवले होते. त्यात काही गैर आहे असे तेव्हा मला वाटले नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची उघड सुनावणी, भरवली. मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. कागदावर पूर्ण झालेले काम प्रत्यक्षात कुठे आहे, पैसे कोणाच्या नावावर पडले, हे सांगायला पंडित लागत नाही. ते गावालाच ठाऊक असते. माझ्या मते चळवळीची खरी ताकद या वाचनात होती, घोषणांत नव्हे.

१९९५ साली राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी अशा नोंदींच्या नकला देण्याची घोषणा विधानसभेत केली, पण अंमलबजावणी होईना. म्हणून एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे धरणे सुरू झाले आणि ते चाळीस दिवस चालले. गावोगावच्या मजुरांबरोबर शहरातील लोकांनीही धान्य-भाजी पुरवली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तेव्हाची. पुढे राष्ट्रीय पातळीवर मोहीम उभी राहिली, मसुदे लिहिले गेले, राज्याराज्यांत कायदे झाले आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. तुला दिसतात ते रस्त्यावरचे दिवस. मसुद्यांची वर्षे कोणी पाहत नाही.

त्यानंतर आमच्या कार्यालयात एका मजुराने दहा रुपयांचा अर्ज करून हजेरीपटाची नक्कल मागितली. पानाला दोन रुपये घेतले आणि कपाट मीच उघडले.

तुझे,
बाबा