काकाजी, ‘नुसतं बसलो’ म्हणू नका

ती. काकाजींस सा. न.

जलरंगात तुमचं व्यक्तिचित्र काढायला तुम्ही आम्हा सगळ्यांसमोर बसलात, त्याचे आभार मानले, तर “नुसतं तर बसलो, त्याचे कसले आभार?” असं म्हणून तुम्ही विषय उडवून लावलात. म्हणून त्या बसण्यामुळे कागदावर काय काय साधलं, ते सगळ्यांदेखत लिहितो आहोत.

आधी कूलर. नागपूरच्या मे महिन्यात कूलर आपणहून बंद करायला सांगणारा माणूस विरळाच. पण वारा थेट कागदावर आला की चित्रातल्या गालावरचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) मधेच सुकतो आणि जिथे गाल हळूच वळायला हवा, तिथे कडक रेघ उमटते. ओल्यात ओला रंग सोडायला उन्हाळ्यात आपल्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. तुम्ही घाम सोसलात म्हणून तीही मिळाली.

रंग तीनच होते: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). “लाल कुठाय?” असं तुम्ही विचारलं होतं. तो सिएनातच आहे. शेजारी थंड करडा आला की तोच सिएना कानाच्या पाळीवर चांगला लाल दिसतो. सिएना आणि अल्ट्रामरीन मिळून फिक्या करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं देतात, त्यामुळे काळी ट्यूब उघडावी लागत नाही. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चार रंगांत काळा आणि पांढरा असतात, पण तो हिशेब तैलरंगाचा. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो एकदा गेला की गेला.

तुमच्या मिशा म्हणजे तोच कोरा कागद. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद, पाव इम्पीरियल (साधारण ११ × १५ इंच), खालची फळी जराशी तिरकी. पहिला वॉश ऑकरमध्ये थोडा सिएना घालून, कपाळापासून मानेपर्यंत एकसलग, डोळे-ओठसुद्धा त्यातच. सोडायचं फक्त टोपी, मिशा आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक. मग हात आवरायचा. बोटांची पाठ टेकवली आणि गार लागलं, तर कागद आतून ओलाच आहे. त्यावर पाणीदार ब्रश लागला की फुलकोबीसारखा कातरलेला डाग फुटतो.

दुसरा वॉश सावलीचा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, मिशीखाली, हनुवटीखाली, मान, असा सगळा मिळून एकच आकार. सावल्या सुट्या सुट्या भरल्या की चेहऱ्याला ठिगळं लागतात. सुकल्यावर रंग उतरतो, म्हणून ओला असताना ‘जरा जास्तच झाला’ वाटेल इतका गडद हवा. इथे ऑकर नको. तो काहीसा अपारदर्शक. वरच्या थरात आला तर पावडर फासल्यासारखी दिसते, निळ्यात मिसळला तर हिरवट होतो. दाढीच्या खुंटांना ती छटा शोभते, गालावर आली तर माणूस आजारी दिसतो.

मिशीचे केस कुणी मोजून काढले नाहीत (एकानं काढले, ती मिशी झाडूसारखी झाली). सावलीच्या बाजूला पातळ करडा, कडेला जवळजवळ कोरडा ब्रश, एवढंच. तुमच्या जाड भिंगानं मात्र सगळ्यांची परीक्षा घेतली: काचेच्या आत गालाची कड बाहेरच्या कडेशी जुळतच नाही, ती सरकलेली असते. ती सरळ जोडून टाकली की चष्म्याला भिंगच नाही असं वाटतं.

आणि हे सगळं सुट्टीनंतरही जुळायला हवं. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं सुट्टी, असं चार वेळा. खुर्चीच्या पायांभोवती खडूच्या खुणा आम्ही केल्या, पण नजर कॅलेंडरच्या खिळ्यावर ठेवायची युक्ती तुमची. दमलेल्या माणसाची हनुवटी बोटभर खाली येते, मिशीखालची सावली बदलते, आणि चित्र अर्धं एका माणसाचं, अर्धं दुसऱ्याचं होतं. चौथ्या बैठकीतही तुमची हनुवटी जागच्या जागी होती.

निवडलेलं चित्र घरी पोचतं करू. हे तिन्ही रंग उन्हानं सहज उडणारे नाहीत, पण कागदाला बुरशी लागते. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ठेवायला सांगा, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर ते टांगू नका.

आपली,
रविवारची चित्रकार मंडळी
धरमपेठ, नागपूर