नाव विचारायचं राहिलेल्या त्या चौघांचे आभार

2019-20च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात ब्लू माउंटन्सच्या आसपासचं रान पेटलं होतं. तेव्हा आमच्या गल्लीत आलेल्या चौघा स्वयंसेवकांचे मनापासून आभार. पैसा न घेता, स्वतःची घरं मागे ठेवून आला होतात तुम्ही! शिडी लावून आमच्या पन्हळीतली निलगिरीची वाळकी पानं ओंजळीओंजळीनं काढलीत, भिंतीला टेकलेलं सरपण लांब नेलंत. घरं बहुतेकदा ज्वाळांनी नव्हे, वाऱ्यावर उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी पेटतात, हे तुमच्याकडूनच कळलं. शेजारच्या आजींसमोर गुडघ्यावर बसून ‘कधी निघायचं, कुठल्या रस्त्यानं, ते आजच ठरवू या’ म्हणालात, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता दर हिवाळ्यात अख्खी गल्ली मिळून पन्हळी साफ करते. आजींची आधी.