मराठीच्या तासाला कळफलकही हवा

संपादक महोदय,

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘उपयोजित लेखन’ या विभागात विचारले जाणारे पत्र गेली काही वर्षे ई-मेलच्या आराखड्यात लिहावे लागते. दिनांक, ‘प्रति’, विषय, शेवटी पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता असा सगळा जामानिमा मुले पाठ करतात आणि पेनाने कागदावर उतरवतात. त्यांतील किती जणांनी शाळेत असताना एक तरी ई-मेल खरोखर देवनागरीतून टंकित करून पाठवला असेल, हा प्रश्न मला ‘वर्गात मोबाइल असावा की नसावा’ या नेहमीच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे भाषेच्या तासाला मोबाइल आला तो मुख्यतः दाखवण्यासाठी. २०१७ साली ‘दीक्षा’ हे शालेय डिजिटल साहित्याचे सरकारी व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले; ते फोनने टिपले की पाठाच्या चित्रफिती उघडतात. या कोडचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता. मात्र विज्ञानात रक्ताभिसरणाची चित्रफीत जे काम करते, ते कवितेची चित्रफीत करीत नाही. कवितेतील चित्र मुलाने स्वतःच्या मनात उभे करायचे असते आणि चित्रफीत नेमके तेच आयते हाती ठेवते. भाषा बोलून आणि लिहून येते. त्यामुळे या तासाला मोबाइलच्या पडद्यापेक्षा त्याचा कळफलक (कीबोर्ड) आणि ध्वनिमुद्रक अधिक कामाचे आहेत.

कळफलकाचे पाहू. शाळेत कोणी न शिकवल्यामुळे मुले रोमन अक्षरांत मराठी लिहितात, किंवा रोमन अक्षरे दाबून फोन जो देवनागरी शब्द सुचवेल तो स्वीकारतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक तर जेवणाच्या पंगतीत फारच महत्त्वाचा. रोमनमध्ये या जोड्या सारख्याच लिहिल्या जातात, त्यामुळे निवड फोनच्या मर्जीवर जाते. याउलट इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाची रचना आपल्या वर्णमालेवरच बेतलेली आहे: क आणि ख एकाच कळीवर, त आणि थ एकाच कळीवर, स्वर आणि त्याची मात्राही एकाच कळीवर. जे मूल वर्णमाला शिकले आहे त्याला हा कळफलक अर्धा आधीच येत असतो, आणि जोडाक्षर टंकित करताना कोणते अक्षर आधी, कोणते नंतर, हलन्त कुठे, याचा विचार करावाच लागतो. शुद्धलेखनाचा इतका चांगला सराव दुसरा क्वचितच असेल.

ध्वनिमुद्रणाची गरज तर २०२० च्या कायद्याने वाढवली आहे. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यामुळे ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, अशी कितीतरी मुले आता हा विषय शिकत आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च, किंवा ‘जीव’ आणि ‘जाळे’ यांतील ज, लिहायला एकच आणि उच्चारायला वेगळे आहेत. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, कानांनीच पकडावा लागतो. शिक्षकांनी वाचलेला उतारा ऐकायचा, तोच आपल्या आवाजात मुद्रित करायचा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचे, यासाठी साधा फोन पुरतो. नेट नसले तरी चालते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन एका तासात ऐकणे कोणाही शिक्षकाला शक्य नसते, पण मुद्रित केलेले वाचन नंतर ऐकता येते, आणि जूनमधले वाचन फेब्रुवारीतल्या वाचनाशेजारी ठेवता येते.

मुलांच्या हाती आणखी फोन नको, ही पालकांची काळजी रास्त आहे. पण फोन घरी पोहोचलेलाच आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो; या मुलांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. शिवाय वर सांगितलेल्या कामांना प्रत्येक मुलाला वेगळा फोन लागत नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली पाच-सहा मुलांच्या गटाला एक फोन भरपूर झाला.

म्हणून शिक्षण विभागाला आणि बालभारतीला तीन सूचना कराव्याशा वाटतात. पुस्तकातील प्रत्येक गद्यपाठाचे आणि कवितेचे स्वच्छ वाचन, चित्रांशिवाय, केवळ आवाजाच्या रूपात क्यूआर कोडमागे ठेवावे. सहावीपासून मराठीच्या तासिकांतच देवनागरी कळफलकाचा सराव घ्यावा. तो संगणकाच्या तासावर ढकलू नये, कारण तिथे मराठीचे शिक्षक नसतात. आणि दहावीच्या मराठीत लेखी ८० गुणांखेरीज जे २० गुण शाळेच्या हाती असतात, त्यांतील काही गुण मुलाने मुद्रित केलेल्या वाचनाला आणि खरोखर पाठवलेल्या एका मराठी ई-मेलला द्यावेत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा