अक्षता मुहूर्तावर पडू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी बेळगावात 9 वर्षं इव्हेंट प्लॅनिंग करतोय, जास्त करून लग्नंच, आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आत हे लिहायचंच असं मागच्या वैशाखात ठरवलेलं.

पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा आणि अक्षता पडतात पावणेदोनला. कारण सत्कार. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूला उभी, भटजी घड्याळाकडं बघायलेत, आणि माईकवर नावं चाललीत, सोसायटीचे चेअरमन, ग्रामपंचायतीचे आजी-माजी मेंबर, मग शाल, श्रीफळ, फेटा, मग 'दोन शब्द'. एकाला बोलावलं की दुसरा रुसतो म्हणून यादी वाढतच जाते.

स्टेजवरनं दिसत नाही पण मागं काय होतं ते सांगतो. आचारी पहाटे 3 ला चुलीपाशी आलेला असतो. गरम जेवण 60 अंशांच्या वर राहायला पाहिजे नाहीतर खराब व्हायचा धोका, म्हणून तासभर मंद गॅसवर ठेवायचं, मसालेभात खाली लागतो, बासुंदीची काळजी वेगळीच. वाढपी पोरं खानापूरकडनं सकाळी 7 ला आलेली, तिसरी पंगत उठेपर्यंत 4 वाजतात तोवर त्यांच्या पोटात काही नाही. हॉल 5 ला संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी रिकामा द्यायचा, फुलं बदलायची, ते लांबलं की रिसेप्शन लांबतं, आणि रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही हा नियम 2000 सालापासनं आहे, तिथं उत्तर द्यायला आम्हीच उभे.

वैशाखातल्याच एका लग्नात शुगर असलेल्या एक आजी चक्कर येऊन खुर्चीतच कलंडल्या. साखरपाणी दिलं, सावरल्या. पण मुलीचे वडील हात जोडून मला म्हणाले, "तुम्हीच सांगा की ओ त्यांना, आम्हाला बोलता येत नाही." मी पण माईक मागू शकलो नाही, ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासनं ॲडव्हान्स घेतानाच कागदावर लिहून घेतो, मुहूर्ताच्या 20 मिनिटं आधी माईक भटजींच्या हातात, सत्कार सगळे रिसेप्शनला. 3 घरांनी ऐकलं, तिन्हीकडं अक्षता वेळेवर पडल्या, शेवटची पंगत अडीचला उठली, आणि चंदगडकडनं आलेलं वऱ्हाड उजेडात घरी पोचलं. मान कुणाचाच कमी झाला नाही, उलट संध्याकाळी निवांत फोटो निघाले.

मुलीच्या बापाला हे सांगायला जड जातं. म्हणून ज्यांचे सत्कार होतात त्या पुढारी मंडळींनाच विनंती आहे, मांडवात आल्या आल्या यजमानांना स्वतःहून सांगा, माझं नाव पुकारू नका, आधी अक्षता होऊ द्या.

आपला,
एक इव्हेंट प्लॅनर, शहापूर, बेळगाव